चौगुले वकिलांचा अतिरेकी

माणूस कादंबरी लिहायला बसला की कादंबरी पुढं सरकत नाही, तिच्याविषयीचे किस्से मात्र भराभर साठतात. आमच्या चौगुले वकिलांचे इतके साठले, की मूळ कादंबरीपेक्षा तेच जाड होतील! मला रोज डायरी लिहायची सवय, म्हणून त्यातले काही शाबूत राहिले.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं टायपिंगचं दुकान होतं. वकील संध्याकाळी कोर्टातून थेट तिथं यायचे. सोबतीला शेजारचे गूळव्यापारी मगदूम आण्णा. वकिलांची सगळी प्रॅक्टिस शेताच्या बांधांची आणि भावकीच्या वाटण्यांची, पण कादंबरी आंतरराष्ट्रीय! रुडॉल्फ नावाचा अतिरेकी ठिकठिकाणी बाँब ठेवतो, आपला गुप्तहेर कॅप्टन विराज त्याला पकडतो आणि हेगच्या कोर्टात खटला चालतो. आपल्या नावाचं एक छापील पुस्तक व्हावं, एवढीच वकिलांची हौस. ते सांगायचे, मी टाईप करायचो.

* * *

विराजला हॉटेलच्या खोलीत बाँब सापडतो. घड्याळ टिकटिकतंय. मी श्वास रोखून टाईप करतोय. वकील म्हणाले, "लिहा. विराज तडक खाली गेला आणि दोन पंच घेऊन आला."

आण्णा ओरडले, "अवो, बाँब फुटंल की!"

"फुटू दे! पंचांशिवाय जप्ती केली तर कोर्टात टिकत न्हाय!"

मग पंचनामा सुरू झाला. बाँबच्या पूर्वेस कपाट, पश्चिमेस बाथरूम, दक्षिणेस खिडकी, उत्तरेस येण्याजाण्याची सामायिक वाट. चतुःसीमा पूर्ण झाल्या, पंचांच्या सह्या झाल्या, मगच विराजनं वायर कापली!

* * *

हेगच्या हवेचा अनुभव पाहिजे म्हणून वकील ऐन जुलैत स्वेटर घालून धो धो पावसाच्या गगनबावड्याला जाऊन राहिले. परत आले ते शिंकतच. पुढच्या प्रकरणात हेगमध्ये असं धुकं पडलं, की गुप्तहेराला अतिरेकी दिसेना आणि अतिरेक्याला गुप्तहेर. शिवाय दोघांच्याही पायाला जळवा लागल्या!

"हेगला जळवा असतात?" मी विचारलं.

"एवढा पाऊस हाय म्हटल्यावर असणारच की!"

तेवढ्यात वकिलांच्या बायको, आमच्या वहिनी, काढ्याचा थर्मास घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, "अतिरेकी घावंना, पण न्यूमोनिया घावंल ह्यास्नी!"

* * *

एकदाचा खटला उभा राहिला. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलांनी मुदत मागितली. पुढच्या खेपेला साक्षीदार आला, पण गावाकडं जत्रा होती म्हणून लवकर निघून गेला. प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं वाक्य एकच: पुढील तारीख पडली.

आण्णा वैतागले. "वकीलसाहेब, अशानं तो रुडॉल्फ पळून जाईल की!"

"पळतोय कशाला? तारखेला येतोय की बिचारा नेमानं!"

अतिरेक्याला ते 'बिचारा' म्हणाले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

* * *

पुण्याच्या एका प्रकाशकांना कादंबरी आवडली. अट एकच: शेवटी अतिरेक्याला शिक्षा झाली पाहिजे, नाहीतर पुस्तक नाही. शेवटचं प्रकरण ऐकायला ते स्वतः कोल्हापूरला आले. वहिनींनी दुकानात पेढे आणून ठेवले. वकील उभं राहून वाचू लागले.

न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीतर्फे कोण? रुडॉल्फनं मान खाली घातली. इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मी, ॲडव्होकेट चौगुले, कोल्हापूर!"

प्रकाशक दचकले. "अहो, तुम्ही?"

"मग कोण? परमुलखात त्याचं हाय कोण?"

पुढची सगळी पानं म्हणजे वकिलांचा युक्तिवाद. त्यांनी सरकारी साक्षीदार एकेक करून असे झोपवले, की आण्णांनी टाळी वाजवली. रुडॉल्फ सुटायच्या बेतात आला.

प्रकाशकांनी हात जोडले. "चौगुलेसाहेब, हा सुटला तर पुस्तक निघणार नाही. तुम्ही फक्त वकीलपत्र सोडा. त्याला शिक्षा होऊ द्या, मी उद्याच छपाईला घेतो!"

वहिनींनी पदराआडून खुणावलं, "अहो, व्हय म्हणा की!"

वकिलांनी कागद जुळवले, फाईलची नाडी बांधली आणि चष्मा काढून गंभीरपणे म्हणाले,

"अशिलाला विचारून सांगतो."