पत्र्याचं शून्य

दिवेलागणीच्या वेळी फोन आला. "मावशी गेली, दुपारी, झोपेतच," मार्थाबाईंचा भाचा सांगत होता. "सगळं शिरूरलाच करायचं, तिची तशी इच्छा होती." नव्वदी ओलांडलेलं माणूस झोपेत गेलं तर रडायचं कशाला, असं मी स्वतःला बजावलं, आणि तरी पदर डोळ्यांना लागलाच. त्यानंतर पहिला फोन मी अक्काला केला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दौंडजवळच्या वस्तीवर असते, आता ऐंशीची झाली. तिला म्हटलं, "अक्का, बाई गेल्या." कुठल्या बाई, असं तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "म्या येनार हाय. नातवाला गाडी काढाया सांगते. तू जागा धर."

माणूस गेलं की त्याला मखरात बसवायची आपल्याकडं घाई असते. मार्थाबाईंना मी तसं बसवणार नाही. त्या तिथं बसल्याही नसत्या. रागीट बाई. खडूचा तुकडा नेम धरून मारायच्या, आणि नेम चुकला तर दुसरा मारायच्या. चहात इतकी साखर घालायच्या की पाहुण्यानं पुन्हा मागू नये. पांढरं पातळ, मानेवर घट्ट अंबाडा, पायांत पुरुषी चपला. कुणी त्यांना 'गणिताच्या बाई' म्हटलं की फणकारायच्या, "मी सगळंच शिकवते. गणितात पोरं रडतात, म्हणून तेवढंच त्यांच्या लक्षात राहतं." त्यांचं खरं मोठेपण कशात होतं ते सांगायचं तर आधी त्यांची एक चूक सांगावी लागेल. ती लपवावी असं त्यांनाच कधी वाटलं नाही, त्यामुळं मलाही संकोच नाही.

आमचा मळा शिरूरच्या बाहेर, घोडनदीच्या अंगाला. आबा, म्हणजे आमचे वडील, शेवंती आणि झेंडू लावायचे, कडेनं वांगी-मिरची. पन्नास सालानंतरचे दिवस. आजूबाजूच्या मळ्यांतल्या पोरी शाळेत जात नव्हत्या, पण आबांनी हौसेनं अक्काला मिशनच्या शाळेत घातलं. शाळा म्हणजे चर्चला लागून असलेलं एक लांबट दालन. गावातली ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळ म्हणायची, म्हणून आम्हीही देऊळच म्हणायचो. मार्थाबाई तेव्हा नव्यानंच लागलेल्या, वय विशीच्या आतबाहेर. अक्का तिसरीत असताना एक दिवस त्यांनी वर्गाला 'तीनशे पाच' लिहायला सांगितलं. अक्कानं पाटीवर लिहिलं ३००५. बाईंनी ती पाटी उचलली, सगळ्या वर्गाकडं फिरवली आणि म्हणाल्या, "बघा, आमच्या मळेकरणीचे तीनशे पाच कुठवर लांबलेत!" वर्ग हसला. बाईही हसल्या. मारलं असतं तर अक्का दुसऱ्या दिवशी मुकाट गेली असती, माराला मळ्यातली पोरं भीत नाहीत. हसण्याचं मात्र तिला काही करता आलं नाही. घरी येऊन तिनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि आईला एवढंच म्हणाली, "म्या बरुबर लिवलं व्हतं." त्यानंतर ती शाळेत गेलीच नाही. आबांनी समजावलं, रागे भरले, शेवटी कंटाळून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. न्हाई डोकं चालत तर न्हाई. फुलं तोडाया हात लागत्यातच की." ते वाक्य घरात रुळलं. पुढं पुढं तर पाहुण्यांसमोर अक्का स्वतःच हसून सांगायची, "मला न्हाई बाई गणित येत. माझं डोकंच न्हाई." तिचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

चार-पाच वर्षांनी मी त्याच दालनात, त्याच बाईंसमोर तिसरीला बसले. घालतानाच आबांनी बजावलं होतं, "हिलाबी गणित जमलं न्हाई तर दोघी एकाच वाफ्यात." त्यामुळं आकडे लिहायची वेळ आली की मी पाटी छातीशी धरून लिहायचे. एक दिवस बाईंनी 'चारशे दोन' सांगितले आणि मी लिहिले ४००२. बाई माझ्यापाशी येऊन थांबल्या. मी डोळे मिटून घेतले, आता खडू येणार. खडू आला नाही.

"कसं लिहिलंस ते सांग."

"चुकलं का बाई?"

"ते मागाहून बघू. आधी सांग."

"चारशे आसं लिवत्यात ना, चारावर दोन शून्यं. त्ये लिवलं. आन् वर आनखी दोन हायेत, म्हनून म्होरं दोन."

बाई पाटीकडं बघत राहिल्या. ऐकलं तसं मी लिहिलं होतं, त्यात वेडेपणा कुठं होता? मधल्या काळात त्या ट्रेनिंगला जाऊन आल्या होत्या. तिथं काही शिकवलं म्हणून, की वय वाढलं म्हणून, कोण जाणे, पण त्या दिवशी त्यांनी विचारलं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सोनाची बहीण ना तू?" सोना हे अक्काचं नाव. मी मान हलवली. बाईंनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि त्या दिवशी पुढं गणित घेतलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवळातला गीतांचा फळा उचलून वर्गात आणला. रविवारी कुठली गीतं म्हणायची त्यांचे आकडे बाईच त्यावर लावत. लाकडी फळा, त्याला आडव्या खोबणी, खोबणीत सरकवायच्या आकड्यांच्या पट्ट्या. एका ओळीत तीनच पट्ट्या मावत, कारण पुस्तकात हजारावं गीतच नव्हतं. बाईंनी मला पुढं बोलावलं. "इकडं शेकडे राहतात, मधे दहांचे गठ्ठे, आणि या कडेला सुटे. लाव बघू चारशे." मी चार आणि दोन शून्यं लावली. "आता दोघं सुटे आले. त्यांना बसव." मी दोनाची पट्टी हातात धरून उभी. ओळीत जागाच नव्हती! इकडून बघितलं, तिकडून बघितलं... आणि मग कडेचं शून्य उठवलं आणि दोनाला तिथं बसवलं. बाईंच्या तोंडावर हसू फुटत होतं. मला चेव आला. "मधलंबी काढू का बाई?" "काढून बघ की." मी मधलं शून्य काढलं. बाईंनी फळा जरासा कलता केला, तशी दोनाची पट्टी सरकत गेली आणि चाराला जाऊन चिकटली. "वाच आता." बेचाळीस! सगळा वर्ग हसला आणि मीही हसले, कारण हसायला मी नव्हते, दोन होता.

ते मधलं शून्य पत्र्याचं होतं. त्याचीही गंमत आहे. लाकडी शून्य एकदा हरवलं, म्हणून बाईंनी मधली जागा नुसती मोकळी सोडली. रविवारी कुणाचा तरी खांदा फळ्याला लागला, पट्टी सरकली, आणि अर्ध्या मंडळीनं एक गीत सुरू केलं, अर्ध्या मंडळीनं भलतंच. पेटी वाजवणारे मधेच थांबले. पाळकसाहेबांनी, म्हणजे देवळाच्या पाद्र्यांनी, बाईंकडं असं काही बघितलं की सोमवारी सकाळी बाईंनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला आणि त्यावर पांढऱ्या रंगानं शून्य काढलं. इतर आकड्यांपेक्षा ते अंमळ फुगीर झालं होतं. ही फजिती त्या दर वर्षी नव्या तिसरीला रंगवून सांगायच्या.

फळ्याच्या त्या धड्यानंतरचा रविवार मी विसरणार नाही. उपासना आटोपून बाई चालत आमच्या मळ्यावर आल्या. आबांना वाटलं, माझीच तक्रार घेऊन आल्या. "काय केलं हिनं?" "हिनं काही नाही केलं, आबा. केलंय ते मी." असं म्हणून त्या सरळ शेवंतीच्या वाफ्याकडं गेल्या. अक्का फुलं तोडत होती. तेव्हा ती चौदा-पंधराची असेल, लग्न ठरलेलं. बाई पांढऱ्या पातळानिशी बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "सोना, तू तीनशे पाच लिहिले होतेस ते वेड्यासारखे नव्हते लिहिले. कानाला ऐकू येतात तसे लिहिले होतेस. कसे लिहिलेस ते मी विचारायला हवं होतं. मी हसले. चुकले मी." अक्काचे हात थांबले नाहीत. एक फूल, दुसरं फूल... टोपलीत टाकत राहिली. मग खालीच बघत म्हणाली, "मला वाटायचं, माझंच डोकं न्हाई." बाई म्हणाल्या, "डोकं आहे. चांगलं आहे. परत शाळेत ये." त्यावर आबाच बोलले, "बाई, आता कशाचं हो. माघात लगीन हाय, दौंडाकडं दिलीया." अक्का उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "च्या ठेवते." विषय तिथं संपला, निदान मला तसं वाटलं.

बाई मात्र त्या दिवसापासून बदलल्या. राग तोच, खडूही तोच, पण तो आता गोंगाट करणाऱ्यालाच बसायचा, चुकणाऱ्याला नाही. चुकलेली पाटी दिसली की ठरलेला प्रश्न: कसं केलंस ते सांग. बरोबर आलेल्यांनाही तोच, त्यामुळं पाठ करून आलेले हुशार गडबडायचे. पाढे त्या घोकून घ्यायच्या, त्यात सूट नव्हती. पण सात सक अडलं तर म्हणायच्या, "सात पंचे येतं ना? त्यात सात घाल की, रडतोस काय." पहिल्या ओळीत हुशार आणि भिंतीकडं ढ ही बसायची रीत त्यांनी मोडली. कांद्याच्या काढणीला निम्मा वर्ग रिकामा व्हायचा आणि ती पोरं परत येईतो गणित पुढं गेलेलं असायचं. "त्यांना कळत नाही की आपण शेतात होतो म्हणून मागं आहोत," बाई म्हणायच्या, "त्यांना वाटतं आपण ढ आहोत म्हणून मागं आहोत. ते एकदा डोक्यात बसलं की मग मी कितीही खडू झिजवला तरी उपयोग नाही." काढणी उरकली की त्या मागचं सगळं नव्यानं घ्यायच्या, आम्ही कितीही कुरकुरलो तरी. मी चौथी पास झाले, पुढं सातवीची फायनल झाले, टेलिफोन खात्यात नोकरीला लागले. जन्मभर आकड्यांवर पोट भरलं. ते माझ्या हुशारीमुळं, असं समजायची माझी कधी हिंमत झाली नाही.

साठ सालानंतर लवकरच बाईंचं लग्न झालं. यजमान रेल्वेत गार्ड, म्हणून त्या दौंडला गेल्या. क्वार्टर मिळाली, तिथल्याच एका शाळेत नोकरी मिळाली. अक्का जवळच्याच वस्तीवर नांदत होती, बाजारच्या दिवशी सासूबरोबर भाजी घेऊन दौंडात यायची. पुढं एका वर्षी अचानक अक्का माहेरी पेढे घेऊन आली. आबांनी विचारलं, "कशाचं गं?" ती म्हणाली, "आसंच. वाटलं म्हनून." आम्ही समजलो, पाळणा हलणार. पाळणा काही हलला नाही, आणि आईनं बरेच दिवस आशेनं वाट पाहिली. खरं कारण मला बाईंकडून कळलं, तेही कितीतरी वर्षांनी. बाजार उरकला की अक्का पाणी प्यायच्या निमित्तानं क्वार्टरच्या मागच्या पायरीवर यायची आणि बाई तिला पाटी द्यायच्या. "मला पुढचं काही नको, बाई," ती म्हणाली होती, "तिसरीचं पुस्तक अर्ध्यात राह्यलंय, तेवढं संपवायचंय." संपवलं तिनं. शेवटच्या दिवशी बाईंनी तोंडी परीक्षा घेतली. अक्कानं विचारलं, "पास का?" बाई म्हणाल्या, "पास." ते पेढे त्याचे होते. मी अक्काला छेडलं तर ती म्हणाली, "तुला कशाला गं नसत्या चौकशा."

परवा शिरूरला देऊळ भरलं होतं. बाईंच्या हाताखालून गेलेली, आता स्वतःच म्हातारी झालेली पोरं कितीतरी. मी दुसऱ्या बाकावर जागा धरली होती. अक्का नातवाचा हात धरून आली, टेकली, शवपेटीकडं बघितलं, हात जोडले. मग तिची नजर भिंतीकडं गेली आणि तिथंच थांबली. तोच फळा, नवा रंग दिलेला. बाईंनी आपल्या अंत्यविधीची गीतं स्वतःच ठरवून ठेवली होती, भाच्यानं सांगितलं. पहिल्या ओळीत होतं ३०५. तीन आणि पाच लाकडाचे, मधलं शून्य पत्र्याचं, अंमळ फुगीर. त्यांना ते गीत आवडायचं की तो आकडा, मला विचारू नका. अक्काचे ओठ हलले. "तीनशे पाच," ती पुटपुटली.

पाळकसाहेबांनी उभं राहायला सांगितलं. कुणीतरी अक्काच्या हातात गीतांचं पुस्तक ठेवलं. तिनं चष्मा लावला आणि पानं उलटायला लागली, दोनशेच्या पुढं गेली, तीनशेच्याही पुढं गेली, बोट ओलं करून एकेक पान मागं आणू लागली. पेटी सुरू झाली होती. मी पान काढून द्यायला हात पुढं केला, तर तिनं तो कोपरानं बाजूला सारला.

"थांब की," अक्का म्हणाली, "मला येतंय."