मुन्शीरामांचं पान

हे मी घरात कधी काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही, आणि गंगेवर ज्यांच्या मांडीला मांडी लावून चाळीस वर्षं बसलो त्या उपाध्यांजवळ तर नाहीच. त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पंचवटीभर झालं असतं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळख नसलेल्या माणसाजवळ बोलणं सोपं जातं, हे मला माझ्या धंद्याने शिकवलंय. रोज कुणीतरी अनोळखी माणूस समोर बसतो, आपल्या मेलेल्यांची नावं सांगतो आणि दुपारच्या बसने निघून जातो.

मी नाशिकचा तीर्थोपाध्याय. रामकुंडावर श्राद्ध, तर्पण, पिंडदान. आमची खरी इस्टेट म्हणजे नामावळीच्या वह्या. यजमान आला की त्याचं गाव विचारायचं, वही उघडायची, त्याच्या पणजोबाची सही त्याला दाखवायची. डोळ्यांत पाणी येतंच माणसाच्या. मग त्याने स्वतःच्या हाताने पुढची नावं लिहायची. वही जीर्ण झाली की उपाध्यायाने नवीन वहीत ती उतरवून घ्यायची आणि जुनी गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडायची. यात एकच नियम — ओळ गाळायची नाही. वडिलांनी मला संध्या शिकवायच्या आधी हा नियम शिकवला होता.

मी गाळल्या.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो. आळस कुणाला नसतो? पण मी हळूहळू सांगतो. एकदम सांगायला गेलो तर पुन्हा काहीतरी वगळेन — ती सवय आहे मला.

आजोबांच्या वहीत एक पान होतं. फाळणीनंतर देवळालीला निर्वासितांची छावणी होती, तिथे मुन्शीराम नावाचे एक गृहस्थ राहत. रावीच्या पलीकडच्या कुठल्याशा गावचे. त्या गावात त्यांच्या भाऊबंदांची जेवढी घरं होती, तेवढी सगळी एका दिवसात कापली गेली. उलट दिशेने निघालेल्या गाड्यांतही तेच झालं होतं, हे ते स्वतःच सांगत. हिशेब बरोबर झाला असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या लोकांची तीर्थं हरिद्वारची. पण उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत ते पुढे कित्येक वर्षं बसले नाहीत. म्हणून आमच्याकडे आले आणि आजोबांना म्हणाले, मी सांगतो, तुम्ही लिहा. पान दोन्ही बाजूंनी भरलं. पुरुष, बायका, मुलं, ज्यांची बारशी झाली नव्हती अशी दोन.

दर सर्वपित्रीला ते यायचे. आजोबा सगळी नावं मोठ्याने वाचायचे आणि मी शेजारी बसून दर्भ मोडून द्यायचो. सात-आठ वर्षं तरी मी ती यादी ऐकली असेन. एवढ्या वेळा पाढे ऐकले असते तर जन्मात विसरलो नसतो. पण ती नावं? एक सोडून सगळी गेली.

ते एक राहिलं, कारण ते त्या वहीत शोभतच नव्हतं. शेवटची ओळ. अल्लादिता, कुंभार. त्याने मुन्शीरामांना आपल्या भट्टीत लपवलं, वरून मडकी रचली. जमावाला कळलं, भट्टीपर्यंत ते पोचले नाहीत, पण त्याला अंगणातच मारलं. त्याच्याच लोकांनी. मुन्शीराम दोन दिवस त्या भट्टीत होते. पितरांच्या वहीत हे नाव कसं, असं मी आजोबांना विचारलं होतं. आजोबा म्हणाले, "ज्याच्यामुळे हा माणूस पाणी द्यायला उरला, त्याला पाणी नको? लिहिलंय, आता वाचायचं."

त्या नावाला पिंड नसायचा. मुन्शीराम एक कोरं मडकं आणायचे, गंगेच्या पाण्याने भरायचे आणि पायरीवर ठेवून मागे न बघता निघून जायचे. पुढे ते दिल्लीला गेले आणि येणं थांबलं.

वह्या माझ्याकडे आल्या तेव्हा कुंभमेळा तोंडावर होता. दोन महिने रोज दुपारी मी उतरवायला बसायचो. हात दुखायचा, पाठ धरायची. त्या पानाशी आलो आणि — खरं सांगू? — मला कंटाळा आला. तीस-चाळीस वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. वंश तिथेच संपलेला. ज्यांचं पाणी द्यायला कुणी यायचं नाही त्यांची नावं कुणासाठी उतरवायची? मी पान उलटलं. इतकं सोपं होतं ते. त्या माणसांना मारायला शे-दोनशे जण लागले होते. उरलेलं काम मी एकट्याने, पंख्याखाली बसून, चहा घेता घेता केलं. जुनी वही लाल फडक्यात बांधली आणि रामकुंडात सोडली. मंत्रही म्हटला. रीतीत आम्ही कधी कमी पडत नाही.

आठ वर्षांपूर्वी, पितृपंधरवड्यात, एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. वीणाजी. दिल्लीच्या, साठीकडे झुकलेल्या. त्यांनी गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं — मुन्शीराम. घरात ते कधीच काही बोलले नाहीत म्हणे. सगळे गेले, एवढंच. नाव एकाचंही नाही. विचारलं की उठून गच्चीवर जायचे. शेवटच्या आजारात मात्र म्हणाले होते की नाशिकच्या वहीत सगळं लिहून ठेवलंय, मी विसरलो तरी वही विसरणार नाही. बाईंना यायला फार वर्षं लागली. संसार, नोकरी, आईचं दुखणं. आता सून गरोदर होती. येणाऱ्या बाळाला आपली माणसं कोण होती ते सांगता यायला हवं, असं त्यांना वाटत होतं.

"पंडितजी, बस नाम पढ़ दीजिए," त्या म्हणाल्या.

इथे मला खरं बोलता आलं असतं. वही वाहून गेली, पान हरवलं, माझी चूक झाली. शास्त्रातही सोय आहे — ज्यांची नावं ठाऊक नाहीत, ज्यांचं मागे कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी वेगळं पाणी सोडतात, त्याचा मंत्र मला झोपेतही म्हणता येतो. पण डाव्या-उजव्या हाताला दोन उपाध्ये कान टवकारून बसले होते. आमच्या घराण्याची वही हरवली, हे त्यांच्यासमोर म्हणायचं? मी दुसरीच वही उघडली, बोट ठेवलं आणि वाचायला लागलो.

जे लिहिलेलंच नव्हतं ते वाचलं. बिशनदास. गुरांदित्तामल. रामप्यारी. इकडच्या-तिकडच्या पानांवरची, कधीतरी कानावर पडलेली नावं. एकदा तोंड सुटल्यावर अडखळलो नाही. बाई वाकून लिहून घेत होत्या. मधे थांबून त्यांनी विचारलं की लहान मूल कुणी होतं का. आडगाव नाक्यावर सकाळीच एक पंजाबचा ट्रक पाहिला होता, त्याच्या मागे रंगाने लिहिलं होतं — प्रीतो. मी म्हणालो, हो, प्रीतो. तुमच्या वडिलांची धाकटी बहीण. सात वर्षांची. माझे आजोबा सांगायचे, दोन वेण्या असायच्या, लाल रिबिनी.

रिबिनी कशाला? कुणी विचारलं होतं? पण बाई रडल्या आणि मला — लाज वाटते सांगायला — बरं वाटलं. आपण त्यांना काहीतरी दिलं असं वाटलं.

अकरा नावं झाली. बारावं माझ्या जिभेवर होतं. ते एकच खरं होतं. अल्लादिता, कुंभार. मी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. हल्लीची हवा तुम्हाला माहीत आहे. घाटावर बसून हे नाव मोठ्याने घ्यायचं, पितरांमध्ये? कोण काय म्हणेल, कोण फोन काढून टिपून घेईल? मी वही मिटली. खोटी अकरा नावं बिनदिक्कत घेतली आणि खरं एक गिळलं.

पिंड ठेवले. कावळे लगेच आले. रामकुंडावरचे कावळे तुम्ही पाहिले असतील, खाऊन सुस्तावलेले, कशालाही शिवतात. त्या अकरांनाही शिवले. त्यांनाही कळलं नाही म्हटल्यावर माझा धीर वाढला.

त्यानंतर काहीतरी सुरू झालं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. मेलेल्यांच्या पंगतीत आयुष्य काढलेल्या माणसाला ते परवडत नाही. तरी सांगतो. कुणाचंही तर्पण असो, नावं संपली की माझे ओठ आणखी थोडा वेळ हलत राहतात. आवाज नसतो. मला कळतही नाही. यजमान पळीत पाणी धरून थांबतात आणि विचारतात, गुरुजी, अजून कुणी आहे का? पिंड वळायला बसलो की मोजून वळतो आणि एक जास्त निघतो. आणि दर सर्वपित्रीला, माझ्या बसायच्या जागेच्या खालच्या पायरीवर, एक कोरं मडकं असतं. काठोकाठ भरलेलं. रामकुंडावर मडक्यांना काय तोटा? कुणीतरी ठेवून जात असेल. पण ते कुणाचं, म्हणून मी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मी ते हलवत नाही. एकदा हात लावला होता. पाणी कोमट होतं. नुकत्याच भट्टीतून काढलेल्या मडक्यात ओतलं असावं तसं.

मधे एकदा साफसफाईसाठी कुंड रिकामं केलं, तेव्हा मी भर दुपारी धोतर खोचून गाळात उतरलो. लोकांना वाटलं म्हातारा नाणी शोधतोय. एका कोपऱ्यात लाल फडकं सापडलं. आमचंच असेल असं नाही. तसली फडकी शेकडो. गाठ सोडवली. आत पांढरा लगदा होता, स्वच्छ, शाईचा ठिपकाही नसलेला. मी तो हातात धरून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

वीणाजींचा फोन दर सर्वपित्रीला येतो. चित्र दिसतं तसला. त्यांचं सगळं घर फोनसमोर बसतं, मी इथून नावं घेतो, ते तिथे ताम्हनात पाणी सोडतात. त्यांनी देवघराशेजारी संगमरवराची पाटी लावली आहे, अकरा नावांची. त्या भेटीनंतर काही महिन्यांनी सुनेला मुलगी झाली. पाळण्यातलं नाव प्रीतो.

मला फोनवर सांगितलं तेव्हा मी आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार होतो? ट्रकच्या फळीवरचं नाव पाटीवर गेलं, पाटीवरून पाळण्यात, आणि मी ते चालत जाताना पाहत राहिलो. यंदा ती सात वर्षांची झाली. तिची आई तिच्या दोन वेण्या घालते. लाल रिबिनी बांधते, मोठ्या आवडीने, कारण पणजोबांच्या बहिणीच्या तशा होत्या. मी जिला मारलेलीच जन्माला घातली होती, ती त्या काचेतून माझ्याकडे टक लावून बघते. अगदी तशीच.

या भाद्रपदात वीणाजींनी तिच्या शाळेतलं भाषण मला पाठवलं. आपल्या कुटुंबाची गोष्ट सांगायची होती. पोरीने अकरा नावं धडाधड म्हटली, एकही न चुकता, आणि पुढे म्हणाली की त्या गावात आपलं असं एकही माणूस नव्हतं. सगळे मारणारेच होते. टाळ्या पडल्या. तिच्या तोंडावर तो राग फार मोठ्या माणसाचा होता. तो तिला मी दिला होता. त्या गावात एक माणूस होता. त्याने भट्टीवर मडकी रचली नसती तर ही मुलगी नसती, तिचा बाप नसता, आजी नसती, ती पाटीही नसती. हे जगात मला एकट्याला ठाऊक आहे, आणि मी चौसष्ट वर्षांचा आहे.

गेल्या सर्वपित्रीला नावं तिने घेतली. आजीने हट्ट धरला होता, पुढे तिलाच हे करायचंय म्हणून. मी नुसता ऐकत होतो. अकरावं नाव झालं. माझे ओठ हलत राहिले असावेत, कारण ती हातातली पळी तशीच धरून थांबली आणि काचेच्या अगदी जवळ आली.

"पंडितजी, और कोई था?"

खालच्या पायरीवर मडकं होतं. घाट माणसांनी भरलेला होता. ती वाट बघत होती, घाई न करता, जशी लहान मुलं बघतात.

मी म्हणालो, "नाही बाळा. एवढेच."

तिने पाणी सोडलं.