हागोप साहेबांचे तीन दरबार

कुवेतमधल्या मिरकाबच्या ऑफिसात मी अकाउंट्समध्ये रुजू झाले, त्या सकाळी हागोप साहेबांनी मला तीन केबिनमध्ये नेऊन तीनदा सलाम करायला लावला. आधी थोरले मालक अबू नासर, मग धाकटे अबू फैसल, मग त्यांची बहीण मुनीरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि या वेळी सुरुवात धाकट्यांपासून केली. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "काल थोरले पहिले होते, मिस सुजाता. रोज तेच पहिले राहिले तर आपण त्यांचे झालो. कुणाचं व्हायचं नाही. सगळ्यांना मात्र वाटलं पाहिजे, की आपण त्यांचेच आहोत."

साहेब आर्मेनियन. जन्म अलेप्पोचा, पण हयात कुवेतमध्ये गेलेली. कंपनीचे अ‍ॅडमिन मॅनेजर. भर जुलैतही सूट, पांढऱ्या मिशा आणि लिफ्टमध्ये मागे रेंगाळणारा अत्तराचा वास. बोलायचे ती हिंदी, अरबी आणि इंग्रजीची खिचडी. इथे मी ती मराठीत वाढते आहे. कंपनी टाइल्स, बेसिन आणि कमोड विकायची. वडील गेल्यावर हे साम्राज्य तीन भावंडांकडे आलं आणि प्रत्येकाला वाटू लागलं, की ते आपल्या एकट्याकडेच आलंय. एकाच गिऱ्हाइकाला तिघं तीन भाव सांगायचे आणि गिऱ्हाईक चौथ्या दुकानात जायचं.

या सगळ्यात साहेब टिकून होते ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, तेराव्या शतकातल्या एका आर्मेनियन राजामुळे. आपण घरातल्या मोठ्या काकांबद्दल बोलावं तसं ते त्याच्याबद्दल बोलत. हल्लीच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेला, समुद्रकाठी त्याचं चिमुकलं राज्य. एका अंगाला सेल्जुक तुर्क, खाली इजिप्तचा सुलतान, शेजारी युरोपातून आलेले सरदार आणि पूर्वेकडून मंगोल. "मंगोल आले तेव्हा बाकीच्यांनी तलवारी काढल्या," साहेब सांगत, "आमच्या राजाने नजराणे काढले." मंगोलांनी चढाई करायची वाटही न बघता राजाने आधी भावाला खानाकडे पाठवलं. पुढे नोकराच्या वेशात शत्रूचा मुलूख ओलांडून स्वतः गेला आणि खानाचं अभय घेऊन परत आला. ही कथा मी इतक्यांदा ऐकली, की तो राजा आमच्याच पगारपत्रकावर आहे असं मला वाटायला लागलं होतं.

आमच्याकडे मंगोल आले ते दुबईहून. मुनीरा मॅडमनी कारभार सुधारायला सल्लागारांची टोळी बोलावली. त्या बातमीनेच ऑफिसात लोकांची झोप उडाली. सेल्सच्या मॅनेजरने त्यांना एकही आकडा द्यायचा नाही असं ठरवलं. हागोप साहेब पिस्त्याची अलेप्पोची मिठाई घेऊन थेट विमानतळावर गेले. सल्लागारांना ऑफिसातली आपली समुद्र दिसणारी खोली दिली, कॉफी कोण कशी पितो हे विचारून घेतलं आणि कुठलं खातं अवाढव्य झालंय यावर त्यांचं मत आदराने ऐकलं. सल्लागारांनी सेल्सची निम्मी माणसं घरी पाठवली. थोरल्यांच्या बायकोकडच्या भाच्याची केबिन काढून तिथे प्रिंटर ठेवला. अ‍ॅडमिन आणि अकाउंट्सला मात्र धक्का लागला नाही. माझी नोकरी त्या मिठाईवर टिकली, हे मी सालमियाच्या घरी नवऱ्यालाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

बैठकीत साहेबांना बघणं म्हणजे करमणूक असे. एकदा नव्या शोरूममध्ये नळ कसले लावायचे यावर वाद पेटला. थोरल्यांना सोनेरी हवेत, धाकट्यांना साधे पांढरे, मॅडमना पर्यावरणपूरक. साहेब गंभीरपणे उठून म्हणाले, "पांढऱ्या नळाचं भविष्य सोनेरी आहे आणि दोन्हींतून पाणी कमी येईल." तिघांनीही माना डोलावल्या. शोरूममध्ये नळ लागलेच नाहीत.

मग मॅडम साहेबांना सल्लागारांच्या बैठकीसाठी दुबईला घेऊन गेल्या. बहिणीची पाठ वळताच, वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले दोघे भाऊ एका सोफ्यावर बसले. मॅडमना हात लावणं शक्य नव्हतं, हागोप साहेबांना लावणं अवघड होतं. म्हणून त्यांनी परबला धरलं.

परब वेंगुर्ल्याकडचा. सुलैबियाच्या गोदामाचा सुपरवायझर. साहेबांनीच त्याला हेल्परचा सुपरवायझर केला होता. दर शुक्रवारी साहेब त्याच्या खोलीवर बांगड्याची कढी जेवायला जात आणि त्याला 'इब्नी' म्हणत, म्हणजे माझ्या मुला. आता भावांचं म्हणणं, गोदामातली माहिती सल्लागारांना यानेच पुरवली. त्याला काढून टाकलं असतं तर त्याने दुसरीकडे काम शोधलं असतं. ते होऊ नये म्हणून परब कामावरून पळून गेला अशी तक्रार सरकारदरबारी द्यायचं ठरलं. तशी तक्रार लागली, की इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रद्द, माणूस गावी, आणि कुवेतचं दार कायमचं बंद. परब माझ्यासमोर खुर्चीत बसून रडवेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मी हंयच आसंय. आणि माका पळालो म्हणतत."

मी साहेबांना फोन केला. ते आधी तिथेच, दुबईत, मुनीरा मॅडमकडे गेले. एका गोदामवाल्यासाठी मी भावांशी संबंध बिघडवू शकत नाही, असं मॅडमनी सांगितलं. सल्लागारांनी सहानुभूती कळवली. साहेब मिळेल त्या विमानाने परतले आणि माझ्याकडे येऊन बसले. त्यांचा टाय सैल झालेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"राजाची पुढची गोष्ट मी तुला सांगितली नाही," ते म्हणाले. राजा मदत मागायला मंगोलांकडे गेला होता, तेवढ्यात इजिप्तच्या सुलतानाची फौज आली. मंगोल वेळेवर आलेच नाहीत. राजाचा एक मुलगा लढाईत मेला, दुसरा कैद झाला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. किल्ले दिले, मुलगा आणला. नंतर राज्यही सोडलं आणि मठात जाऊन बसला."

ते उठले, टाय नीट केला आणि थोरल्यांच्या केबिनमध्ये गेले. धाकट्यांनाही तिथेच बोलावून घेतलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे ना गाडी होती, ना गोदामाच्या किल्ल्या, ना ती समुद्र दिसणारी खोली. राजीनामा देऊन आले होते. त्यांच्या जागी थोरल्यांचा भाचा येणार होता, तोच, ज्याच्या केबिनमध्ये प्रिंटर ठेवला होता. बदल्यात परबवर तक्रार होणार नव्हती आणि त्याला दुसऱ्या कंपनीत जाण्याची परवानगी मिळणार होती. तोंडी शब्दावर साहेबांनी विश्वास ठेवला नाही. परबच्या इकाम्याची बदली होईपर्यंत ते रिसेप्शनच्या सोफ्यावर सूट घालून रोज येऊन बसत, आणि जाता-येता तिन्ही मालकांना सलाम करत.

निरोप समारंभ अर्थातच तीन झाले. थोरल्यांनी सांगितलं, हागोप मनाने कायम आपल्या बाजूने होता. धाकट्यांनी तेच सांगितलं. मॅडमच्या भाषणात 'परिवर्तन' हा शब्द इतक्यांदा आला, की केक कापायला सुरी आणलेला मुलगा कंटाळून खाली बसला. साहेबांनी तिन्ही केक खाल्ले आणि तिन्ही वेळा डोळे पुसले. मला वाटतं, तिन्ही वेळा खरेच पुसले.

येरेवानला मुलीकडे जायला ते निघाले तेव्हा विमानतळावर परब आणि मी होतो. परब ट्रॉलीवर बॅगा रचत होता. मी साहेबांना विचारलं, म्हणजे शेवटी तुमचा राजा हरलाच ना?

"नकाशा बघितला तर हरला," ते म्हणाले. "नकाशात किल्ले दाखवतात. मुलगा कुठे दाखवतात?"

मग त्यांनी परबला हाक मारली आणि नव्या कंपनीची चौकशी केली. जागा कशी आहे, गोदामात एसी आहे का, मालक किती आहेत.

"एकच," परब म्हणाला.

साहेबांचा चेहरा उतरला.

"एकच?" ते म्हणाले. "मग जपून राहा, इब्नी."