हँडलखालचा लेप

सेवेतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षे लोटली. कित्येक गुन्ह्यांचे क्रमांक, त्यांची कलमे आणि आरोपींचे चेहरे स्मृतीतून पुसले गेले. ज्या प्रकरणात शेवटी गुन्हाच नोंदला गेला नाही, ते मात्र जसेच्या तसे राहिले आहे. दसरा जवळ आला आणि देव्हाऱ्यातल्या शेंदराच्या डबीचे झाकण उघडले, की तो तेलकट वास येतो आणि मला त्या ठाण्याचा ऊन पडलेला व्हरांडा दिसू लागतो.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची ही गोष्ट. राज्याच्या सीमेलगत, आमगावच्या बाजूच्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. धान निसवण्याचे दिवस होते. सडक अर्जुनीच्या धाब्यांसमोरून मोटारसायकली नाहीशा होत होत्या. जेवण आटोपून माणूस हात धुऊन येईपर्यंत गाडी गेलेली असे. त्या गाड्या आमच्या हद्दीतून दरेकसाच्या जंगलवाटेने राज्याबाहेर जातात, की इथेच सुट्या करून विकल्या जातात, याचा पत्ता लागत नव्हता. वरिष्ठांचा फोन रोज येई आणि रोज मी तेच उत्तर देई.

माझे वडील गावच्या गणपतीचे पुजारी होते आणि माझे शिक्षण संस्कृत पाठशाळेत झाले. असा माणूस पोलिसात कसा, याचे सहकाऱ्यांना कौतुकमिश्रित नवल वाटे. पहाटे स्नान-संध्या, मग ठाण्याच्या आवारातील मारुतीला तेल, मग हजेरी, असा माझा क्रम होता. आमचे जमादार वयाने माझ्याएवढेच, पण जिभेने फार तिखट. ते म्हणत, "साहेब, तुम्ही आरोपीलेबी 'आपण' म्हणता. मंग तो कबूल कायले करंल?"

एके सकाळी गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक दुकानदार माझ्या खोलीत आला. बसायला सांगितले तरी तो उभाच राहिला.

"माहं नाव नका येऊ देजा साहेब. तो रेल्वेचा रिटायर फिटर हाय ना, त्याच्या सपरीत जुनी गाडी पूरी खोलून ठेवली हाय. इंजनची पेटी कोरी, नंबरच नाई. अन् हँडलच्या खाली, मानेवर, जिथं चासी नंबर असते, तिथं लांबी भरून देल्ली."

लांबी म्हणजे रंग देण्यापूर्वी पत्र्यातले खड्डे बुजवण्याचा लगदा. चोरीच्या गाडीचा नंबर बुजवायला तो सहज वापरतात.

"आपण कधी पाहिलेत?"

"क्लचच्या प्लेटा द्याले गेलो होतो. मी वाकलो, तं त्यानं पटकन वरून फडकं टाकलं. सीधा माणूस फडकं कायले टाकंल?"

प्रश्न बिनतोड होता. स्टेशन डायरीत नोंद करून, दोन पंच घेऊन आम्ही निघालो.

घराला लागून असलेली ती सपरी, म्हणजे उतरत्या छपराची पडवी, मी आजही विसरलेलो नाही. चोरीचा माल फोडण्याची ठिकाणे मी पुष्कळ पाहिली होती. तिथे घाई दिसते. इथे घाई कुठेच नव्हती. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत खिळ्यांना टांगलेले होते. नटबोल्ट पापडाच्या रिकाम्या डब्यांतून वेगळे केलेले होते. चाकांच्या तारा राखेने घासून उजळल्या होत्या. रंगवलेली हिरवी टाकी आढ्याला टांगून वाळत होती. दाराशी फिटरच्या पत्नी उभ्या होत्या. पोलीस पाहूनही त्या डगमगल्या नाहीत.

"या. पण चपला तिथंच काढा, खाली बेरिंगा वाळून राहिल्या."

मी पादत्राणे काढली. जमादारांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि नाइलाजाने बूट काढले.

फिटर साठीच्या आसपासचे, सडपातळ, शांत गृहस्थ. गाडीचा सांगाडा मधोमध लाकडी घोड्यावर ठेवलेला होता आणि त्याच्या मानेला स्वच्छ पांढरे फडके बांधले होते. मी ते सोडवले. खाली खरेच बोटभर जाडीचा काळपट, टणक लेप होता. बाकी सांगाडा घासून चकचकीत केलेला, तेवढी जागाच जशीच्या तशी.

"इंजिनाची पेटी कोरी का?"

"जुनी फुटली होती साहेब. नवी पेटी कोरीच येते."

"गाडी कोणाची?"

उत्तराऐवजी त्यांनी सोडलेल्या फडक्याची घडी घातली. मालकीचा समाधानकारक खुलासा न करता संशयित वस्तू बाळगली, तर मुंबई पोलीस कायद्याचे कलम १२४ लागते. पंचनामा करून सांगाडा जीपमध्ये चढवला आणि फिटरनाही सोबत घेतले. निघताना त्यांनी एकच विनंती केली, "मले बंद करायचं तं करा. त्या मानेले तेवढा हात नका लावू."

अशी विनंती ऐकल्यावर कोणत्याही पोलिसाचा संशय दृढ होणारच. माझाही झाला.

ठाण्यात दुपारपर्यंत विचारपूस चालली. मी विचारले, "गाडी चोरीची आहे?"

"नाई."

"मग मालकाचे नाव सांगा."

"त्याईनं सांगू नको म्हणलं."

"कागद?"

"त्याईच्याचजवळ हायेत."

जमादार वैतागले. "तुहा मालक का भूत हाय, कोनाले दिसतच नाई?"

"दिसते ना," फिटर म्हणाले. "तुम्हीबी दिवसातून दोन डाव पाहता त्याईले."

"मस्करी करून राहिला का?"

"नाई जमादार. मस्करी करायचे दिवस नाईत माहे. परवा दसरा हाय, अन् गाडी दसऱ्याले चालू पायजे. तुम्ही मले कवा सोडसान, तेवढं सांगा."

अटकेच्या दारात बसलेला हा मनुष्य स्वतःच्या अब्रूची नव्हे, दसऱ्याची चिंता करत होता. मला त्याचा अन्वय लागेना. पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत, अन्वय लागत नसेल तर श्लोक पुन्हा म्हणा, शब्द तोडू नका. ती शिकवण त्या दिवशी मी पाळली नाही. रोजच्या फोनने मनावर ताण आला होता. मी जमादारांना सांगितले, "लेप घासून काढा. नंबर असेल तर दिसेल, नसेल तर अटक करू."

खोलीत उजेड कमी, म्हणून सांगाडा व्हरांड्यात उन्हात ठेवला. जमादारांनी पॉलिश कागद आणि पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणले. तेवढ्यात मला फोनवर बोलावले. वरिष्ठांशी बोलून परत येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे गेली असतील.

येऊन पाहतो तो जमादारांनी लेपाचा एक कोपरा घासला होता. वरचा काळा थर गेला होता आणि खालून केशरी रंग फुटला होता. आश्विनातल्या उन्हाने तो भाग किंचित पाझरत होता. मी बोट लावले आणि नाकाशी नेले.

तिळाच्या तेलात खललेला शेंदूर.

माझे बालपण या वासात गेले. गावच्या गणपतीला वडील शेंदूर चढवत तेव्हा वाटी धरून मी शेजारी बसे. वर्षानुवर्षांच्या थरांचे मूर्तीवर कवच होते, आणि ते उतरवायचे तर कोमट तेलाने, सावकाश. धातूचे हत्यार कोणी लावत नाही. खालच्या मूर्तीचे नाक-डोळे दुखावतील म्हणून. आणि मी इथे पेचकस लावायला सांगून बसलो होतो. जमादारांचा हात आणखी थोडा जोरात फिरला असता, तर खालचे आकडे आम्हीच खरवडले असते. मग न्यायालयात आम्हीच सांगितले असते, की नंबर खरवडलेला आढळला.

"थांबा," मी म्हणालो. जमादारांनी पेचकस खाली ठेवला.

आत जाऊन मी फिटरच्या शेजारच्या बाकावर बसलो. "हा शेंदूर किती वर्षांचा?"

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिले. मग डोळे खाली गेले. "तीसेक दसरे असतीन साहेब. रेल्वेत लागाच्या आधी मी त्याईच्या हाताखाली काम शिकलो. दर दसऱ्याले पाने पुजायचे, अन् गाडीले टिळा तिथंच लावायचे. म्हनायचे, मानसाच्या कपाळावर, अन् गाडीच्या नंबरावर. सारा सांगाडा घासलो मी, पन त्याईच्या हातचं ते कसं घासू?"

म्हणजे मालक त्यांचा गुरू होता. एवढे कळते न कळते तोच व्हरांड्यात आवाज झाला. फिटरच्या पत्नी आल्या होत्या आणि त्यांच्यामागे एक वृद्ध मिस्त्री. बसथांब्यासमोर त्यांचे गॅरेज होते. आम्ही खरेच त्यांना रोज दोनदा पाहत होतो. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत हात घालून ते बाकावर बसलेले असत आणि कामगारांना तोंडाने सूचना देत. उस्तादांचा रुबाब आहे, असे आम्ही समजत होतो.

"घ्या," त्या बाई म्हणाल्या. "मालक आनला. माह्या नवऱ्यानं तोंड नाई उघडलं, तं मी उघडली."

मिस्त्री शिष्यासमोर उभे राहिले. "काऊन रे पगले, चुप बसला?"

"उस्ताद, तुम्हीच म्हनले, कोनाले सांगू नको."

"गाडीचं म्हनलो होतो मी. फाशी चढ, असं नाई म्हनलो."

मग त्यांनी खिशातून हात बाहेर काढले. दोन्ही हात वाऱ्यातल्या पानासारखे कापत होते.

"सहा महिन्यांपासून पाना धरता येत नाई साहेब," ते म्हणाले. "लोक मले हात पाहून गाडी देतेत. उस्तादाची सोताची गाडी चेला दुरुस्त करते, हे गावात कळलं, तं गॅरेजात कोन येईल? म्हनून याले म्हनलो, चुपचाप कर. दसऱ्याले एक डाव तिचा आवाज ऐकायचा होता."

त्यांनी गाडीचे नोंदणीपुस्तक पुढे केले. नाव त्यांचेच होते. तरीही पुस्तकातला आणि मानेवरचा नंबर जुळल्याशिवाय मला नोंद करता येत नव्हती. मी तसे सांगितले. "लेप उतरवावा लागेल. पण घासून नाही."

"मीच उतरवतो," मिस्त्री म्हणाले.

सांगाडा मी माझ्या खोलीत घेतला, पडदा ओढला आणि पंचांना बाहेर थांबवले. मारुतीच्या दिव्याचे तेल जमादारांनी स्वतः चुलीवर कोमट करून आणले. मिस्त्रींनी कापूस बुडवला, पण तो मानेपर्यंत पोचेना. तेव्हा फिटरनी त्यांच्या मनगटाखाली आपला तळहात दिला. दोन माणसांचा एक हात झाला. तेल कडेने मुरत गेले. अर्धा तास असा गेला. मग कवच सुटले आणि अखंड मिस्त्रींच्या ओंजळीत आले.

खालचे लोखंड काल कारखान्यातून आल्यासारखे होते. गंजाचा ठिपका नाही. पंचांना आत बोलावले. त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी पुस्तकात बोट फिरवले. सारे जुळले. 'संशयाचे निरसन झाले, वस्तू मालकाच्या ताब्यात दिली,' एवढीच नोंद मी डायरीत केली. कापणाऱ्या हातांचा उल्लेख केला नाही. तो पुरावा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो दुकानदार चौकशीला आला. "काय निघालं जमादार?"

"काई नाई," जमादार म्हणाले. "लांबी उरली असंन तं आपल्या तोंडात भर."

त्या रात्री फिटर झोपले नसावेत, कारण दसऱ्याला आम्ही ठाण्यात शस्त्रपूजन करत असताना फाटकातून त्या गाडीचा आवाज आला. फिटर चालवत होते. मागे मिस्त्री बसले होते, हात शिष्याच्या खांद्यांवर. खांद्यांवर ठेवलेले हात कापताना दिसत नाहीत. मिस्त्रींनी उतरलेले कवच फडक्यात बांधून आणले होते. ते तलावात विसर्जित करायचे, अशी रीत आहे. मी ते मागून घेतले, आणि त्यांनी दिले.

धाब्यांवरचे चोर पुढे पकडले गेले. ते वेगळे प्रकरण. मिस्त्री काही वर्षांनी वारले. अखेरपर्यंत गॅरेज चालले, कारण रोज दुपारी फिटर तिथे 'गप्पा मारायला' जात आणि पाने चालवत. गावात कोणाला कळले नाही, किंवा कळूनही कोणी बोलले नाही.

झाकलेली प्रत्येक वस्तू लपवलेली नसते, हे मी या प्रकरणात शिकलो. ज्या लेपाला आम्ही अपराधाची खूण समजलो, त्यानेच तीस वर्षे सत्याला गंज लागू दिला नव्हता. त्यानंतर कोणी फडके टाकताना दिसला, तर मी आधी वास घेतला आणि मग हत्यार मागवले.

मी निवृत्त झालो, त्या वर्षी दसऱ्याला फिटर त्याच गाडीवरून माझ्या घरी आले. अंगणात त्यांनी माझ्याकडून शेंदूर मागितला आणि मानेवर, नेमका त्या आकड्यांवर, टिळा लावला.

"पुन्हा झाकलात नंबर," मी म्हणालो. "पोलिसांनी अडवले तर?"

त्यांनी माझ्या देव्हाऱ्याकडे पाहिले. तिथे ते जुने कवच ठेवलेले आहे. त्याच्या आतल्या बाजूला सारे आकडे उलटे, पण स्वच्छ उमटलेले आहेत.

"तं सांगीन," ते म्हणाले, "कागद साहेबाच्या देवघरात हायेत."