बावीस मिनिटं बिनपाण्याची

तेव्हा मी अगदीच कोवळी होते. बासष्टाची. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या पोरीची आठवण आली की हसू आवरत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर नातवंडं सांभाळायची सोडून तिनं नागपूरला पत्रकारितेच्या वर्गात नाव घातलं, आणि तिथून एका सत्रासाठी निघाली थेट एस्टोनियाला. गावात ते नाव कोणाच्याच तोंडात बसेना. सगळे नुसतं "रशियाच्या बाजूले" म्हणायचे.

"आठ दिवसांत वापस येशीन," नवरा म्हणाला. "तिथं वळखीचं कोणी नाही. कोणाले इचारशीन?"

"वळखीचं असलं की खरं कोण सांगते? म्हणूनच तं जाऊन राहिली."

जाण्याआधी तिनं गोंदियाच्या बाजारातून आठ खिशांचं खाकी जाकीट घेतलं, नागझिऱ्याच्या जंगलातले गाइड घालतात तसलं. दुकानदारानं विचारलं, "अम्मा, शिकार पे जा रहे हो क्या?" ती ऐटीत म्हणाली, "खबर लाने." प्रत्येक खिशात एक पेन. आठ पेनांची बाई! विमानतळावरच्या तपासणीत आठही बाहेर काढावे लागले, आणि त्यातले तीन चालत नव्हते.

तिथल्या प्राध्यापिका माझ्या लेकीच्या वयाच्या. मला नावानं हाक मारा म्हणाल्या. ते काही मला जमलं नाही, मी आपलं मॅडमच म्हणत राहिले. माझं शाळामास्तरणीचं इंग्रजी ऐकून त्यांना काळजी वाटली असावी. "शुक्रवारपर्यंत एका अनोळखी माणसाची अर्ध्या तासाची मुलाखत आणा," त्या म्हणाल्या. "ध्वनिमुद्रण कापाकापी न करता द्या. नाही जमलं, तर सत्रभर नुसतं ऐकायला बसा."

नुसतं ऐकायला बसायचं म्हणजे गुण नाहीत. गुण नाहीत म्हणजे नागपूरची पदवी अडकली. आणि पदवी अडकली म्हणजे आमच्या बुढ्याची उरलेल्या जन्माची करमणूक झाली.

एस्टोनियातल्या त्या गावाबाहेर एक तलाव होता. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, लाकडी खोली आणि खोलीत पाण्याची दारं उघडणारा-लावणारा माणूस. साठीचा, दाढीवाला, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. मी दार ठोठावलं. त्यानं उघडलं, खुर्चीकडे बोट दाखवलं आणि समोर बसला. मी ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू केलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की घरी आलेल्याला आधी पाणी. तांब्या पुढे यावा, पाहुण्यानं घोट घ्यावा, मग कामाचं बोलणं. पाण्याआधीच जो कामाचं काढतो, तो एक तर भांडायला आलेला असतो, नाही तर लग्न मोडायला. मी संस्कारी बाई. पाण्याची वाट पाहत बसले.

तोही बसला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. बाहेर एक बदक ओरडलं, ते ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतं. मी मनात म्हटलं, काय माणूस आहे, पाण्यावर पोट भरतो आणि घोटभर विचारत नाही! घसा सुकून माझी जीभ टाळूला चिकटली. शेवटी लाज सोडून मी पिशवीतली बाटली काढली, आणि एकटीनं पिणं बरं दिसत नाही म्हणून आधी त्याच्यापुढे धरली. त्यानं मुकाट्यानं दोन घोट घेतले, मग मी घेतले.

झालं की पाणी! आता तोंड उघडायला हरकत नव्हती. जाकिटात लिहून आणलेले चौदा प्रश्न होते, पण कोणत्या खिशात ते आठवेना. तेव्हा जे तोंडात आलं ते विचारलं, "पाणी सोडलं की शिव्या कोण देतं? वरचे की खालचे?"

माझे वडील आमच्या गावतलावाचे पाणकर होते. कोणाच्या धानाला कधी पाणी सोडायचं हे त्यांच्या हाती. शिव्याही त्यांच्याच वाट्याला.

तो माणूस आधी चमकला, मग दाढीतून हसला. "दोन्ही," तो म्हणाला, आणि जो सुटला तो थांबेचना. वरच्यांना होड्या फिरवायला भरलेला तलाव हवा, खालच्यांना तळघरं कोरडी हवीत. एकदा सख्ख्या भावानंही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. निघताना म्हणाला, "तुम्ही गप्प होता तेव्हा वाटलं, प्रार्थना चाललीय. म्हणून मी हललो नाही."

शुक्रवारी मॅडमनी सगळ्या वर्गाला ध्वनिमुद्रण ऐकवलं. बावीस मिनिटं घड्याळ आणि बदक. मी जाकिटात तोंड खुपसून मनातल्या मनात परतीची पिशवी भरायला घेतली होती. ध्वनिमुद्रण संपल्यावर मॅडम पोरांना म्हणाल्या, "तुम्ही कोणी दोन मिनिटंही थांबला नसता. यांनी त्याला बोलायला जागा दिली." मग माझ्याकडे वळून, "ही पद्धत कुठं शिकलात?"

मी मान खाली घालून नम्रपणे हसले. खरं कारण सांगितलं नाही. पत्रकारानं सगळं उघड करू नये असं पुस्तकातच लिहिलेलं होतं.

पास झाल्याचं कळवायला घरी फोन लावला. सगळं ऐकून नवरा म्हणाला, "म्हणजे गप बसली म्हणून मार्क भेटले? मंग हे घरी काऊन नाही जमत तुले?"

उत्तर द्यायला मला बावीस मिनिटं लागली. त्यातला एक क्षणही गप्प गेला नाही.