समजा, ही गाडी आहे

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना आईवडिलांनी एखादं नाव नक्कीच ठेवलं असणार, पण ते आता फक्त त्यांच्या बँकेला ठाऊक असावं. आम्ही सगळे त्यांना 'सेफ्टी' म्हणतो. रंगाच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी आहेत. डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात शिट्टी, खिशात स्टॉपवॉच आणि चेहऱ्यावर कायम 'मी सांगतच होतो' असा भाव. महिन्यातून एकदा भोंगा वाजवायचा, चारशे माणसांना हातातलं काम टाकून मैदानात उभं करायचं, डोकी मोजायची आणि 'सगळे बाहेर!' असं ओरडायचं, यासाठी त्यांना पगार मिळतो. एकोणीस वर्षं मिळतोय.

या एकोणीस वर्षांत त्या कारखान्यात आग एकदाच लागली. तीही कचऱ्याच्या डब्यात. कॅन्टीनच्या चहावाल्याने हातातली किटली डब्यात ओतली आणि विषय संपवला. सेफ्टी लाल नळकांडं छातीशी धरून पोचले, तेव्हा चहावाला दुसरी किटली भरायला गेलासुद्धा होता. त्या दिवसापासून सेफ्टींनी चहा सोडला.

ज्याला एकोणीस वर्षांत धड एक संकट मिळालं नाही, अशा माणसाच्या बायकोला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले. वहिनी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असतात. दिवसभर माणसं समोर बसून कण्हत असतात आणि या शांतपणे पुढचं नाव पुकारतात. त्यामुळे बाळंतपणाच्या भीतीचा सगळा वाटा नवऱ्याकडे गेला, आणि त्याने तो हेल्मेट उलटं करून त्यात भरून घ्यावा तसा घेतला.

सातव्या महिन्यातच घर अपघातातून उठल्यासारखं दिसू लागलं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, कपाटाच्या दारांना रबर, खुर्च्यांच्या पायांना मोजे. जे मूल अजून आईच्या पोटात कूसही धड बदलत नव्हतं, ते जन्मल्याबरोबर धावत जाऊन फ्रिजवर डोकं आपटणार, याची सेफ्टींना खात्री होती. पलंगापासून दारापर्यंत जमिनीवर अंधारात चमकणाऱ्या रंगाचे बाण काढले. घर दोन खोल्यांचं. पलंगावर बसून हात लांब केला तर दाराची कडी लागते. पण बाण मोजून चौदा.

मदतीला म्हणून सासूबाई आल्या, त्या पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या बॅगेपाशी थबकल्या. आत टॉर्च, दोरी, दोन शिट्ट्या, जखमेच्या पट्ट्या आणि पाण्याच्या सहा बाटल्या.

"जावईबापू, बाळाचं एखादं झबलं?"

"दुसऱ्या टप्प्यात येईल, आई."

"आपण मूल जन्माला घालायला चाललोय की डोंगर चढायला?" असं म्हणून त्यांनी दोरी काढली आणि तिच्यावर लंगोट वाळत घातले. त्या दोरीचा तिच्या आयुष्यातला तेवढाच उपयोग झाला.

आठव्या महिन्यात तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "बाळ पायाळू आहे. डोकं वर, पाय खाली. अजून फिरेल कदाचित. नाहीच फिरलं तर दिवस ठरवून ऑपरेशन करू. पण त्याआधी पाणी गेलं, तर घरी बसून राहायचं नाही हं. अर्ध्या तासात इथे पाहिजे. अशा बाळाला उशीर चालत नाही."

आपल्यासारख्या माणसाने घरी येताना टॅक्सी स्टँडवर थांबून दोन ओळखी करून ठेवल्या असत्या. सेफ्टींनी स्टॉपवॉचमध्ये नवा सेल घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात शिट्टी वाजली आणि सराव सुरू झाला. इमारतीत लिफ्ट आहे, चांगली चालते, पण 'आपत्तीच्या वेळी लिफ्ट वापरू नये' हे वाक्य सेफ्टींनी स्वतः कारखान्यात बावीस ठिकाणी लावलेलं. तेव्हा पुढे बॅग घेतलेले सेफ्टी, मागे कठड्याला धरून सुजलेल्या पायांनी उतरणाऱ्या वहिनी, त्यांच्यामागे जावयाच्या सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या सासूबाई, अशी वरात गेटपाशी आली. तिथे एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची.

"ही काय?" वहिनींनी विचारलं.

"समजा, ही गाडी आहे. बस."

वहिनी बसल्या. घड्याळ थांबलं. सेफ्टींनी बोटाने डोकी मोजली. "मी एक, तू दोन, आई तीन. सगळे बाहेर!"

"आणि हा?" वहिनींनी पोटाकडे बोट दाखवलं.

"जो अजून आत आहे, तो मोजायचा नसतो. नियम आहे."

पाच मिनिटं चाळीस सेकंद लागले होते. सेफ्टींना ते मंजूर नव्हतं. तेव्हा रोज सराव. चौथ्या दिवशी वहिनींनी पलंगावर डावी कूस धरली आणि जाहीर केलं, "मी येणार नाही. माझ्या जागी तो लोड घेऊन जा." कुणी दुसरा असता तर ओशाळला असता. सेफ्टींनी खरंच लोड उचलला. त्याला वहिनींचा जुना गाऊन घातला, छातीशी धरून तीन मजले उतरवला, खुर्चीवर बसवला आणि त्याला "घाबरू नकोस" असंही म्हणाले. हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं आहे, उगाच कानगोष्ट सांगत नाही.

या सगळ्यात त्यांचं एकच भांडण झालं, पण ते पुढे फार महत्त्वाचं ठरलं. पहिल्या मजल्यावर मोटर ट्रेनिंगवाल्या मावशी राहतात. शिकवायची त्यांची ती चौकोनी गाडी, डोक्यावर लाल पाटी, शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारच्या सीटपाशी दुसरा. गेली नऊ वर्षं ती गाडी गेटासमोर उभी असायची. सेफ्टींनी तिच्या काचेवर चिठ्ठी लावली: 'आपत्कालीन मार्ग. येथे वाहन उभे करू नये.'

मावशी चिठ्ठी हातात घेऊन वर आल्या. "सेफ्टीसाहेब, बायकोला नववा महिना लागतोय तुमच्या. दारात गाडी असली तर बरं की नसली तर?"

"मार्ग मोकळा पाहिजे, मावशी."

"मार्गावर बसवून नेणार आहात का तिला?"

सेफ्टींनी सोसायटीत अर्ज केला. मावशींनी गाडी दोन गल्ल्या सोडून मैदानापाशी न्यायला सुरुवात केली आणि सेफ्टींचा नंबर फोनमध्ये ब्लॉक करून टाकला. मार्ग मोकळा झाला. इतका मोकळा की त्यावर कुत्री आडवी झोपू लागली.

बाळ काही फिरलं नाही. वडिलांचाच हट्ट उचलला होता त्याने. ऑपरेशनचा दिवस ठरला. त्याच्या पाच दिवस आधी, सकाळी दहा वाजता, वहिनी लंगोटांच्या घड्या घालत असताना पाणी गेलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "सराव नाही हा."

मनुष्य एकोणीस वर्षं ज्याची वाट बघत होता, ते शेवटी घरी चालत आलं होतं. सेफ्टींनी शिट्टी वाजवली, हेल्मेट चढवलं, बॅग उचलली आणि बाण मोजत दाराबाहेर पडले. सासूबाईंनी मुलीला धरून सरळ लिफ्टचं बटण दाबलं.

"आई! आपत्तीत लिफ्ट नाही!"

"इथे काय आग लागलीय? मूल होतंय!" सासूबाईंनी त्यांच्या तोंडावर लिफ्टचं दार ओढून घेतलं.

सेफ्टी जिन्याने धावत आले. खाली वहिनी ओठ दाबून, आईच्या खांद्यावर भार देऊन उभ्या होत्या. सेफ्टींनी अदबीने खुर्ची पुढे केली, वहिनींना बसवलं, घड्याळ दाबलं आणि त्यांचा चेहरा उजळून निघाला.

"तीन मिनिटं अठ्ठेचाळीस! विक्रम! मी एक, तू दोन, आई तीन. सगळे बाहेर!"

आणि ते, देवाशपथ सांगतो, बॅग घेऊन परत वर जायला वळले.

सत्तावीस वेळा सराव झाला होता आणि सत्तावीस वेळा तो इथेच संपला होता. त्या दिवशी बायको खरी होती, कळा खऱ्या होत्या, पाणी खरं होतं. गाडी तेवढी अजून 'समजा'च होती.

"जावईबापू," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, आणि त्या हळू बोलतात तेव्हा भांडीसुद्धा गप्प बसतात, "या गाडीला चाकं कधी लागणार?"

सेफ्टींनी खुर्चीकडे पाहिलं. चार पांढरे पाय. त्यांनी मोकळ्या मार्गाकडे पाहिलं. एक कुत्रं. मग त्यांच्या तोंडावर जो रंग चढला, तो कारखान्यातल्या कुठल्याही डब्यात मिळत नाही.

"मी... गाडी सांगितलीच नाही."

टॅक्सी स्टँडला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, वीस मिनिटं लागतील. दवाखाना गाडीने वीस मिनिटांवर. खुर्चीवर वहिनींनी एक मोठी कळ सोसली, नवऱ्याची बाही घट्ट पकडली आणि दातांच्या दवाखान्यात पुढचं नाव पुकारतात त्याच आवाजात म्हणाल्या, "मावशी या वेळी मैदानावर शिकवतात. शिकवताना फोन उचलत नाहीत. धावा."

"त्या माझं ऐकणार नाहीत."

"म्हणून तर धावत जायचं. चालत आलेल्याचं त्या ऐकत नाहीत."

सेफ्टी धावले. पोट सुटलेला, चव्वेचाळीस वर्षांचा, जिन्यात 'धावू नये' अशा पाट्या लावणारा तो मनुष्य कुत्र्यावरून उडी मारून दोन गल्ल्या धावला. हेल्मेट वाटेत पडलं, ते उचललं नाही. हे पाहून मला पहिल्यांदा काळजी वाटली.

पुढचं मावशींच्या तोंडून. मैदानावर त्या एका निवृत्त गृहस्थांना गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या. आरशात त्यांना धापा टाकत येणारा उघड्या डोक्याचा माणूस दिसला. सेफ्टी काचेपाशी आले आणि हात जोडून उभे राहिले. मावशींनी बरंच काही जपून ठेवलं होतं, ते त्या तेव्हाच सुनावणार होत्या. पण सेफ्टींच्या डोळ्यांकडे बघून त्यांनी निवृत्तांना बाजूच्या सीटवर ढकललं, चाक हातात घेतलं आणि एवढंच विचारलं, "खुर्चीवर बसलीय ना ती?"

गेटावर वहिनींना आडवं घेतलं, सासूबाईंच्या मांडीवर डोकं. सेफ्टी बॅगेसकट पायाशी घडी होऊन बसले. मावशींनी गाडी सोडली, पण तिला काही वेग येईना. निवृत्तांना उतरायला वेळच मिळाला नव्हता, आणि घाबरून ते आपल्या बाजूचा ब्रेक दाबत होते.

"पाय उचला! नाहीतर तोडीन!"

निवृत्तांनी दोन्ही पाय वर उचलून सीटवर मांडी घातली आणि दवाखाना येईपर्यंत डोळे मिटून बसले. रस्त्यावरची वाहनं लाल पाटी बघून आपणहून बाजूला होत होती. शिकाऊ माणसाला जग जेवढं घाबरतं, तेवढं भोंग्याला घाबरत नाही.

पाणी गेल्यापासून चौतीस मिनिटांनी ते पोचले. सासूबाईंनी गाडीतून फोन केला होता, त्यामुळे डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. "कुठे होतात?" त्यांनी विचारलं. सेफ्टींनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. त्यावर अजून तीन मिनिटं अठ्ठेचाळीस होती. त्यांनी ते गुपचूप परत खिशात घातलं. वहिनींना आत नेलं, दार बंद झालं आणि सेफ्टी त्या दारासमोर भिंतीला टेकून उभे राहिले. कुठल्या दाराने बाहेर पडायचं, हे त्यांनी त्या दवाखान्यात शोधलं नाही. सासूबाई म्हणतात, तासभर तो माणूस पापणी न लववता उभा होता, आणि तेवढ्या तासासाठी त्यांनी त्याला निम्मं माफ केलं आहे.

ऑपरेशन होऊन मुलगी झाली. आधी पाय, मग बाकीची. धडधाकट, आणि आल्याबरोबर जो आवाज काढला त्यापुढे कारखान्याचा भोंगा म्हणजे कुजबुज. दुपारी घरचे सगळे खोलीत जमले तेव्हा नर्सने सहज विचारलं, "किती जण आहात आत?"

सेफ्टींचं बोट सवयीने उठलं. "मी एक, ही दोन, आई तीन..." बोट पाळण्यापाशी आलं आणि तिथेच अडलं.

"चार," पलंगावरून वहिनी म्हणाल्या. "सगळे बाहेर. आता ते बोट खाली करा आणि बाहेर बसलेल्या मावशींना चहा आणून द्या."

सेफ्टींनी चहा आणला. स्वतःही प्यायले.

हल्ली मावशींची गाडी पुन्हा गेटासमोर असते. त्या शिकवायला गेल्या की सेफ्टी सकाळी स्वतः खाली येऊन ती पांढरी खुर्ची बरोब्बर त्या जागी ठेवतात, दुसऱ्या कुणी तिथे वाहन लावू नये म्हणून. कुणी विचारलंच तर मान खाली घालून म्हणतात, "समजा, गाडी आहे."