रेडिओसर आणि टाकीपर्यंतची टेकडी

आमच्या रेडिओसरांनी आयुष्यात कधी पळत जाऊन बस पकडली नाही. बस सुटली की ते थांब्यावरच्या बाकावर बसायचे आणि शेजारी जो कोणी असेल त्याला, माणसानं घाई का करू नये, हे समजावून सांगायचे. त्यात पुष्कळदा पुढचीही बस जायची. अशा माणसाकडे शाळेनं मुलींचं क्रॉस-कंट्रीचं पथक सोपवलं. झालं असं की खेळाचे सर बदली होऊन गेले आणि त्यांचं काम कोणी घ्यायचं हे ठरवायच्या सभेला रेडिओसर पंधरा मिनिटं उशिरा पोचले. जिन्यात त्यांना शिपाई भेटला होता. शिपायाला त्यांनी कुठल्याशा साम्राज्याच्या पडझडीची कारणं सांगितली, तेवढ्यात वर सगळ्यांनी एकमतानं त्यांचं नाव लिहून टाकलं.

सर इतिहास शिकवायचे. अंगात कोपरावर उसवलेला तपकिरी स्वेटर, हातात थर्मास, आणि आवाज असा की सातवीचा धडा भिंतीपलीकडे नववीला फुकटात ऐकायला मिळायचा. रेडिओ हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, म्हणणं होतं की नाव चुकलंय, कारण रेडिओला बंद करायचं बटण असतं.

पथकात आम्ही पाच जणी. सगळ्यात पुढे लंबू, मग तीन जणी एकमेकींना ढकलत, आणि शेवटी बऱ्याच अंतरानं मी. मला शेपूट म्हणायचे. मी रागवायचे नाही, कारण नाव खोटं नव्हतं. पण क्रॉस-कंट्रीत एक भानगड असते. पाचही जणींचे नंबर मिळवून शाळेचा निकाल लागतो. पाचवी पोचलीच नाही तर पहिल्या चौघी कितीही जीव तोडून पळोत, निकालाच्या कागदावर शाळेचं नावच येत नाही. लंबू मला हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायची.

पळण्यातलं सरांना काही कळत नव्हतं, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं. "पायांचं तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले, "मी मनाचं बघतो. पाय कधी दमत नाहीत, पोरींनो. दमतं ते मन." लगेच त्यांनी दोनशे पानी वही काढली. वर ठळक अक्षरांत 'मनाची तयारी' लिहिलं होतं आणि आत बेचाळीस मुद्दे होते. एका मुद्द्याप्रमाणे आम्ही धापा टाकत सुईत दोरा ओवायचो. दुसऱ्याप्रमाणे मधल्या सुट्टीत डबा उघडून पाच मिनिटं नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं आणि मगच खायचं. लंबूचा डबा चौथ्या मिनिटाला रिकामा व्हायचा. ती म्हणायची, माझं मन तयार आहे, पोट ऐकत नाही.

गावाबाहेर एक टेकडी होती. सगळ्या शाळांच्या शर्यती दरवर्षी तिथेच व्हायच्या, त्यामुळे आमचा सरावही तिथेच. खालच्या मैदानातून निघायचं, कच्च्या वाटेनं चढायचं, निम्म्यावर पाण्याची टाकी लागते, तिच्यावरून माथ्यापर्यंत जायचं आणि पलीकडून खाणीच्या कडेनं उतरून मैदानात यायचं. चार किलोमीटर. सर आपली घडीची खुर्ची घेऊन टाकीपाशी बसायचे. त्या खुर्चीचा एक पाय सुतळीनं बांधलेला होता. सरांचा हिशोब असा, की टाकीपाशी चढ सगळ्यात उभा, म्हणजे मन कच खाणार ते तिथेच. तेव्हा मनाला आधार द्यायला आपण तिथेच हवं.

म्हणून रोज आम्ही टाकीपाशी पोचलो की सर हात वर करायचे. आम्ही थांबायचो, हात मागे बांधून रांगेत उभ्या राहायचो आणि सर त्या दिवसाचा मुद्दा सांगायचे. थांबू नका, दम लागला तरी थांबू नका, थांबणं ही सवय असते, असं ते सात-आठ मिनिटं सांगायचे आणि आम्ही ते थांबून ऐकायचो. यात काही चुकतंय असं सहापैकी एकालाही वाटलं नाही.

बोलून झालं की सर विचारायचे, "काही प्रश्न?"

आणि इथे मला माझं पाप कबूल करायला हवं. प्रश्न मी विचारायचे. ज्ञानाची भूक वगैरे काही नाही, प्रश्न विचारला की आणखी पाच मिनिटं उभं राहायला मिळायचं. घरून निघतानाच मी प्रश्न तयार करून आणायचे. मन आधी दमतं की आधी घाबरतं? झोपेत मन पळतं का? सर खूश! "बघा," ते चौघींना म्हणायचे, "हिच्यासारखा विचार करा." चौघी माझ्याकडे अशा बघायच्या की मी खाली बघून बुटाची नाडी बांधायला लागायचे.

पहिली शर्यत आली. अकरा शाळा, पंचावन्न मुली, शिट्टी वाजली, निघालो. आम्हाला टेकडीचा दगडन् दगड पाठ होता. लंबू तर टाकीपर्यंत तिसरी होती. टाकीपाशी सर खुर्चीवर बसलेले. लंबू दिसली तसे ते आनंदानं उठले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "शाब्बास! आता मनाला सांगा..."

लंबू थांबली. हात मागे बांधून उभी राहिली. मागून त्या तिघी आल्या, त्याही रांगेत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं मी पोचले आणि माझी जागा घेतली. सर बोलत होते, थांबू नका, थांबू नका, आणि आमच्या पाठीमागून दहा शाळांच्या मुली धपाधप पावलं वाजवत वर जात होत्या. शेवटची गेली तेव्हा लंबूला काय झालं ते उमगलं. तिनं किंकाळीच मारली आणि पळत सुटली, तिच्यामागे त्या तिघी. मी निघाले नाही. माझे पाय गार पडले होते, आणि शिवाय माझा प्रश्न विचारायचा राहिला होता. मी तो विचारला. "सर, मन नक्की असतं कुठे?" सर उत्तर द्यायला लागले, आणि ते अर्ध्यावर येईपर्यंत खाली मैदानात झेंडे काढायला सुरुवात झाली होती.

निकालाच्या कागदावर दहा शाळांची नावं होती.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना खोलीत बोलावलं. त्या थोडं बोलायच्या आणि पुरेसं बोलायच्या. तीन आठवड्यांनी दुसरी शर्यत आहे, त्या कागदावर शाळेचं नाव दिसलं नाही तर पथक बंद आणि संध्याकाळचा तास गायनाला. बाहेर आले तेव्हा सरांच्या हातातली वही खाली लोंबत होती. आम्हाला ते एवढंच म्हणाले, "पोरींनो, माझंच काहीतरी कमी पडतंय. मुद्दे वाढवायला हवेत."

पथक बंद पडलं तर लंबू दुसरं काहीतरी जिंकली असती. माझं तसं नव्हतं. मला गाता येत नव्हतं, चित्र येत नव्हतं, गणित तर विचारूच नका. सगळ्या शाळेत माझ्यावाचून अडेल अशी एकच जागा होती, पाचवी, आणि ती जायला निघाली होती. त्या रात्री मी रडले. रडतानाही मला माहीत होतं की हे माझ्या प्रश्नांनी केलंय.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. चौकात त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. मी सगळं सांगितलं, प्रश्नांची लबाडीसुद्धा. काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि इतक्या हसल्या की गिऱ्हाईक दारातच थबकलं. सर आतल्या खोलीत वहीत त्रेचाळिसावा मुद्दा लिहीत होते. काकूंनी त्यांना बाहेर बोलावलं.

"अहो, तुम्ही तोंड उघडलं की पोरी थांबतात."

"म्हणजे ऐकतात."

"थांबतात. मीसुद्धा थांबते. तुम्ही बोलायला लागलात की माझा हात जागच्या जागी राहतो. या महिन्यात लोकांचे तीन शर्ट जाळलेत मी. ती टेकडी आहे म्हणून बरं, नाहीतर पोरी जळल्या असत्या."

सरांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाले, "मग मी करायचं तरी काय?"

"गप्प बसायचं."

"किती वेळ?"

"शर्यत संपेपर्यंत."

सर मटकन स्टुलावर बसले. मला त्यांची खरंच दया आली. चार किलोमीटर पळा असं सांगितलं असतं तर त्यांनी निदान प्रयत्न केला असता.

त्या तीन आठवड्यांत तयारी आमची कमी आणि सरांचीच जास्त झाली. काकू घड्याळ लावून बसायच्या. पहिल्या दिवशी सर अकरा मिनिटं टिकले, मग दुकानात कोणीतरी एका लढाईचं साल चुकीचं सांगितलं आणि सगळं मुसळ केरात. दुसऱ्या दिवशी घरात एवढी शांतता पसरली की शेजारीण विचारपूस करायला आली, कोणी आजारी आहे का म्हणून. शेवटी काकूंनीच युक्ती काढली. तोंडात घोटभर पाणी धरायचं, बोलायचं झालं तर आधी ते गिळायला लागेल, आणि गिळताना आठवेल. या युक्तीवर सर चाळीस मिनिटांपर्यंत पोचले. काकू म्हणाल्या, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, घरात घड्याळाची टिकटिक आहे हे मला आत्ता कळतंय.

सरावाला मात्र सर टाकीपाशी येईनासे झाले. जवळ आलो की मोह होतो, असं त्यांनीच सांगितलं. आम्ही न थांबता वर जायला शिकत होतो. चौघींना ते जमलं. मला एकदाही नाही. टाकी आली की पाय आपोआप उभे राहायचे, समोर कोणी नसलं तरी. मी रिकाम्या जागेकडे बघत उभी राहायचे आणि मग चालत वर जायचे.

दुसऱ्या शर्यतीच्या दिवशी सर टाकीपाशी हजर. काकूंनी नको म्हणून सांगितलं होतं, पण पोरी पळणार आणि मी खाली बसणार हे व्हायचं नाही, असं सर म्हणाले. खुर्चीवर ताठ बसलेले, दोन्ही गाल फुगलेले, हात मांडीखाली दाबलेले. चौघी त्यांच्याकडे न बघता वर निघून गेल्या. इतर शाळांच्याही जवळजवळ सगळ्या गेल्या. मग मी आले. पोटात कळ, छातीत आग, पायांत गोळे. टाकी आली. पाय थांबले.

सर माझ्याकडे बघत होते. मी हात मागे बांधले.

"सर," मी म्हटलं, "मागचा प्रश्न अर्धाच राहिला. मन नक्की असतं कुठे?"

त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. तीन आठवडे त्यांनी त्यावरच विचार केला होता, काकूंनी मला नंतर सांगितलं, पानंच्या पानं लिहिली होती. सरांचे डोळे मोठे झाले. कान लाल झाले. ओठांच्या कोपऱ्यातून पाण्याची एक धार हनुवटीपर्यंत आली. मला वाटलं, आता गिळणार. मला तेच हवं होतं, का खोटं बोलू? त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मी तिथेच बसले असते, आणि दोष सरांवर गेला असता.

सर उठले. त्यांनी खुर्चीची घडी केली, काखेत मारली आणि माझ्याकडे पाठ करून टाकीच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मला असा राग आला! एवढे दिवस मी यांना प्रश्न विचारले, एवढं यांचं ऐकून घेतलं, आणि गरज आहे तेव्हा हे भिंतीकडे बघणार? जा, नका सांगू, कोणाला पडलीय, असं काहीबाही मोठ्यानं बडबडत मी चढायला लागले. माथ्यावर पोचले तरी मी भांडतच होते. खाणीच्या कडेनं उतरताना दोन मुलींना मागे टाकलं, त्यांना वाटलं मी त्यांनाच बोलतेय, त्या बाजूला झाल्या. मैदानात लंबू दोरीपाशी उभी राहून केस ओढत होती. मी आत आले तेव्हा ती मला मिठी मारून रडली, आणि मग लगेच म्हणाली, किती वेळ लावतेस गं.

त्रेपन्नावी. कागदावर अकरा नावं. आमचं अकरावं.

सर टेकडी उतरून आले ते अर्ध्या तासानं, एका हाताला त्यांना आणायला वर गेलेल्या काकू, दुसऱ्या काखेत खुर्ची. गाल अजून फुगलेले. सवयीनं आम्ही पाचही जणी हात मागे बांधून रांगेत उभ्या राहिलो. काकूंनी निकालाचा कागद मागून घेतला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. सरांनी तो वाचला, पाणी गिळलं आणि तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आता बोला की," काकू म्हणाल्या. "आता परवानगी आहे."

मी पुढे झाले. माझा राग अजून पुरता गेला नव्हता. "सर, आता तरी सांगा. कुठे असतं?"

"मला खरंच ठाऊक नाही गं," सर म्हणाले. "मी टाकीच्या वर कधी गेलोच नाही. मला तेवढ्यावरच धाप लागते. तू जाऊन आलीस. तू सांग."

आणि त्यांनी खुर्ची खाली ठेवली, हात मागे बांधले आणि आमच्या रांगेत, लंबूच्या शेजारी, ऐकायला उभे राहिले.

मी म्हटलं, "सर, मन वगैरे मला काही दिसलं नाही. मी तुम्हाला शिव्या घालत गेले."

सरांनी स्वेटरच्या आतून वही काढली आणि ते लिहून घेतलं.